अर्धा सूर खाली

वडील शेवटचं पोट धरून हसले ते एका कार्यक्रमाहून परत आल्यावर. दारातच चपला काढायच्या स्टुलावर बसले, रुमाल तोंडावर दाबला आणि त्यांचे खांदे गदगदा हलायला लागले. मुलीला आधी वाटलं, छातीत कळ आली. ती पाण्याचा पेला घेऊन धावली, तर डोळ्यांतून धारा वाहतायत आणि माणूस हसतोय.

"काय झालं, बाबा?"

"सांगतो. नंतर सांगतो. आत्ता सांगायला गेलो तर इथेच जाईन."

ते नंतर राहून गेलं. तीन आठवड्यांनी ते खरंच गेले. स्टुलावर नाही, इस्पितळाच्या खाटेवर, आणि तेव्हा हसत नव्हते.

आता वीस दिवस उलटले होते. भेटायला येणाऱ्यांनी तिला बरंच काही सांगितलं. मृत्यू अटळ आहे हे सांगितलं, पाणी भरपूर पी असं सांगितलं. एका मावशीने तर फ्रीज विकणार असशील तर आधी मला सांग, असंही सांगितलं. पण बाबा त्या संध्याकाळी कशाला हसले, हे कुणाला ठाऊक नव्हतं. ठाऊक असलंच तर त्यांच्या मंडळातल्या तिघांना. म्हणून रविवारी सकाळी एका हातात वडिलांची गिटार आणि दुसऱ्या हातात त्यांचं टेपचं यंत्र घेऊन ती दातांच्या डॉक्टरांचा जिना चढली. दोन्ही वस्तू मंडळाला देऊन टाकायच्या, असं फोनवर ठरलं होतं. 'ठरलं होतं' म्हणजे डॉक्टरांनी ठरवलं होतं आणि तिने 'बरं' म्हटलं होतं.

मंडळ म्हणजे चार माणसं, आता तीन. दर रविवारी दवाखाना बंद असला की रुग्णांच्या बाकांवर गिटारी घेऊन बसायचं आणि एका गिटारवादक जोडीचे गोडवे गायचे, हा मंडळाचा सव्वीस वर्षांचा उद्योग. त्या जोडीने उभ्या हयातीत दोन कॅसेटी काढल्या, त्याही अडीच माणसांनी विकत घेतल्या, आणि मग एकमेकांचं तोंड पाहणं बंद केलं. मंडळात त्यांची नावं कुणी घेत नसे. इतकी सलगी बरी नव्हे. दोघांतला एक डावखुरा, म्हणून तो 'डावरा'. दुसऱ्याने काही केलं नाही, तरी तो 'उजवा' झाला.

मंडळाला कॅसेटी मिळाल्या त्या वडिलांकडून. वडिलांचं रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान होतं, अस्सल कॅसेटी फक्त त्यांच्याकडे होत्या, आणि त्यांनी आपल्या यंत्रावरून सगळ्यांना प्रती करून दिल्या. म्हणून मंडळात ते 'टेप्या'. ते यंत्र मंडळाच्या दृष्टीने गंगोत्रीच.

"ये बाळ, ये," डॉक्टरांनी दार उघडलं. "सावकाश. यंत्र आपटू नकोस."

ड्रायव्हिंग शाळेचे मास्तर उठून पुढे आले. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, "टेप्यासारखा माणूस पुन्हा होणे नाही, पोरी," म्हणाले, आणि त्याच हाताने गिटारीच्या पिशवीची चेन उघडली.

भूगोलाच्या बाईंचे डोळे मात्र खरंच भरून आले होते. "जेवतेस ना गं वेळेवर?" त्यांनी विचारलं, आणि उत्तर यायच्या आत मास्तरांना म्हणाल्या, "मास्तर, तारांना बोटं लावू नका, घाम असतो तुमच्या हाताला."

दुःखाचं काम असं दीड मिनिटात उरकलं. मग सगळे गिटारींकडे वळले.

डॉक्टरांच्या काचेच्या कपाटात वरच्या फळीवर कवळ्यांचे नमुने होते आणि खाली पाच गिटारी. दाढ उपटताना ज्यांचा हात कधी हलला नाही, ते डॉक्टर कपाटातून गिटार काढताना हातमोजे घालत. पाचांपैकी एकही त्यांनी वाजवली नव्हती. वाजवली की किंमत उतरते. वाजवायला त्यांच्याकडे सहावी होती, शाळकरी पोरांना घेऊन देतात तसली.

मास्तर जन्माने उजवे. जेवायला उजवे, सही करायला उजवे, शिकाऊ चालकाच्या पाठीत धपाटा घालायलाही उजवे. पण डावरा डावखुरा, म्हणून मास्तरांनी आपल्या गिटारीच्या तारा उलट्या लावून घेतल्या आणि ते गिटारीपुरते डावखुरे झाले. सव्वीस वर्षांत त्यांची मजल तीन सुरावटींपर्यंत गेली होती. चौथीला त्यांचा हात गियर शोधू लागे.

बाईंची भक्ती त्याहून धारदार. जुन्या कॅसेटच्या कव्हरवर उजव्याच्या गिटारीला एक तिरकी भेग दिसत होती. बाईंनी पट्टी लावून ती मोजली, नकाशाच्या प्रमाणात वाढवली आणि सुताराला समोर बसवून आपल्या चांगल्या धडधाकट गिटारीवर तशीच भेग पाडून घेतली. पुढे त्याच फोटोची नवी प्रत बाजारात आली, तेव्हा गिटार सपाट निघाली. भेग म्हणजे कव्हरच्या कागदाला पडलेली घडी होती. बाई अजून म्हणतात, कॅसेट कंपनीने नव्या फोटोतून भेग पुसून टाकली.

"कंपनीचं काय सांगावं," मास्तर म्हणाले. विषय निघायचाच होता. "जिथे गाणी पळवली, तिथे भेग काय घेऊन बसलात!"

"पळवली म्हणजे? चोरली?" मुलीने विचारलं.

"चोरली नाहीत गं. पळवली. दौडवली." डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली. नवा श्रोता मिळाला की त्यांचा आवाज भूल देण्याआधीचा होई. "नव्या तबकडीत कंपनीने सगळी गाणी वेगात टाकलीत. सूरही अर्धा वर नेलाय. आपल्या प्रतीत तिसरं गाणं तीन मिनिटं त्रेपन्न सेकंद चालतं. त्यांच्या तबकडीत तीन-चाळीस!"

"आणि जुन्या कव्हरवर किती लिहिलंय?"

डॉक्टरांनी खुर्ची पुन्हा मागे सरकवली.

"तीन-चाळीसच," बाई म्हणाल्या. "छपाईची चूक आहे ती."

मुलगी एका छापखान्यात मुद्रितं तपासायची. चूक दिसली की तिच्या बोटांना खाज सुटे. हॉटेलातलं दरपत्रकसुद्धा ती मनातल्या मनात दुरुस्त करूनच मग चहा मागवी. छपाईची एकच चूक दोन्ही कॅसेटींच्या सगळ्या गाण्यांना, त्याच प्रमाणात, कशी होईल, हा प्रश्न तिच्या ओठावर आला होता. तिने तो गिळला. ती वेगळंच विचारायला आली होती.

"काका, तुम्ही सगळे त्या कार्यक्रमाला गेला होतात ना? डावरा एकटा वाजवायला आला होता तेव्हा. त्या दिवशी काय झालं?"

हा प्रश्न म्हणजे पेट्रोलवर काडी.

"काय झालं!" मास्तर ताडकन उठले. "अगं, बेसूर! पहिल्या तारेपासून बेसूर! बहात्तराचा घोडा झालाय, मान्य, पण म्हणून इतकं?"

"सबंध अर्धा सूर वर," डॉक्टर म्हणाले.

"आणि घाई," बाई म्हणाल्या. "आमच्या सातवीतल्या मुलांना मधली सुट्टी झाल्यासारखी."

"तिसऱ्या गाण्याच्या शेवटी जिना आहे," मास्तर सांगू लागले. जिना म्हणजे सुरांची एक लांब उतरंड. मंडळाने तिला ते नाव ठेवलं होतं. "आपण कसा उतरतो? कठडा धरून, एकेका पायरीचा मान राखून. हा बाबा धडाधडा खाली! मला राहवेना. उठलो मी. भर सभागृहात उभा राहिलो आणि म्हटलं, सूर तपासा!"

"ओरडलात," बाईंनी दुरुस्ती केली.

"मी शिकवताना बोलतो तसंच बोललो."

"मग?" मुलीने विचारलं.

"मग तो थांबला. माझ्याकडे बघितलं. म्हणाला, कुणाचा?"

"गर्व हो, दुसरं काय," डॉक्टर म्हणाले. "मग मी उभा राहिलो. शांतपणे सांगितलं, आम्ही तुमची गाणी सव्वीस वर्षं ऐकतोय, तुमचा मूळ सूर आम्हाला पाठ आहे. तर त्याने गिटारीच्या डोक्यावर ते सूर दाखवणारं चिमुकलं यंत्र असतं ना, ते लावलं. त्याकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं, आणि गाणं पहिल्यापासून सुरू केलं. तसंच! वर!"

"नाचता येईना अंगण वाकडं," मास्तर म्हणाले.

"आम्ही माफ केलं त्याला," बाई म्हणाल्या. "वय झालं की होतं. आपलीच गाणी आपल्याला आठवत नाहीत."

"आणि बाबा?" तिने विचारलं. "बाबा काय करत होते?"

"तुझे वडील?" डॉक्टरांचा आवाज मऊ झाला. "ते खाली मान घालून बसले होते, रुमालात तोंड खुपसून. खांदे हलत होते बिचाऱ्यांचे. सबंध मध्यांतर तसेच. मी पाठीवरून हात फिरवला, म्हटलं, मनाला लावून घेऊ नका. कलावंत संपतो, कला उरते."

"हळवा फार," मास्तर म्हणाले.

रुमाल आणि खांदे तिने दारातल्या स्टुलावर पाहिले होते. म्हणजे हसू तिथून निघालं होतं आणि बिचारे बाबा ते सबंध रस्ता तोंडात धरून घरापर्यंत आणत होते. पण मित्रांचं हसं झालं म्हणून इतकं हसायचं? बाबा तसे नव्हते. दुसऱ्याची फजिती झाली की ते उलट उठून खिडकी बंद करत.

तेवढ्यात मास्तरांनी वडिलांची गिटार मांडीवर घेऊन एक तार छेडली, मग आपली छेडली, आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"अरेच्चा! ही वर आहे."

डॉक्टरांनी सहावी काढली, बाईंनी भेगवाली. तिन्ही एका सुरात होत्या. वडिलांची अर्धा सूर वर.

"गिटार पडून राहिली की उतरते हे ऐकलंय," डॉक्टर म्हणाले. "चढलेली पहिल्यांदाच पाहतोय."

मास्तरांनी खुंटी पिळायला सुरुवात केली. एक तार उतरली, दुसरी, तिसरी. मुलगी बघत राहिली, आणि तिला एक जुनी गोष्ट आठवली. रविवारी सकाळी बाबा गिटार पिशवीत घालण्याआधी सहाही तारा जरा सैल करत. परत आल्यावर, कपडेसुद्धा न बदलता, पुन्हा घट्ट करत. जेवणाआधी पट्टा सैल करावा तसलं काही वाद्यालाही करावं लागत असेल, असं ती लहानपणापासून समजत आली होती. मग ते दार लावून वाजवत, आणि स्वयंपाकघरात तिला तो जिना ऐकू येई. भरभर, एकही पायरी न चुकवता खाली. इथे मंडळात मात्र, तिने एकदोनदा पाहिलं होतं, ते अडखळत, इतरांच्या मागून कसेबसे उतरत.

"शेवटी शेवटी कान गेले असतील टेप्याचे," मास्तर चौथ्या खुंटीला हात घालत म्हणाले. "आजारात जातात."

"राहू द्या," ती म्हणाली.

"अगं, अर्धी उतरली आता. दोन मिनिटांत—"

"काका, राहू द्या म्हटलं ना."

आवाज चढला नव्हता, पण मास्तरांचा पाय आपोआप ब्रेक शोधू लागला. त्यांनी हात काढला. उरलेल्या तीन तारा जशा होत्या तशा राहिल्या. त्या तिच्या वडिलांनी चढवलेल्या होत्या, शेवटच्या, इस्पितळात जायच्या आदल्या दिवशी. हे तिने कुणाला सांगितलं नाही. सांगून समजणाऱ्यातले हे नव्हते.

बाईंनी विषय बदलावा म्हणून टेपचं यंत्र जवळ ओढलं. "डॉक्टर, हे आधी चांगल्या माणसाकडून साफ करून घेऊ. तेलपाणी, काय असेल ते. मग सगळं संगणकावर उतरवू, या गंगोत्रीतूनच."

"ही चिठ्ठी कसली?" डॉक्टरांनी यंत्र उलटं केलं होतं.

यंत्राच्या पाठीला दोऱ्याने एक पुठ्ठ्याचा तुकडा बांधला होता. वडिलांची ही सवय दुकानाला येणाऱ्या प्रत्येकाला माहीत होती. दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक वस्तूला ते अशी चिठ्ठी बांधत: बिघाड काय, केलं काय. घरच्या मिक्सरलाही होती. तिच्या पायाला प्लास्टर पडलं होतं तेव्हा प्लास्टरलाही एक बांधली होती, 'नवीन भाग मिळत नाही, जपून वापरणे' अशी.

तिने पुठ्ठा हातात घेतला. कडा मऊ झाल्या होत्या, अक्षर तरुण होतं. तिने मोठ्याने वाचलं.

"बिघाड नाही. मोटरचा स्क्रू मीच फिरवला आहे. हात लावू नये."

मोटरचा स्क्रू फिरवला म्हणजे वेग बदलला आणि वेगाबरोबर सूरही, हे दुकानदाराच्या लेकीला सांगावं लागत नाही. तीन-त्रेपन्न, तीन-चाळीस, अर्धा सूर. सगळं एका ओळीत येऊन उभं राहिलं होतं. आता यांनाही दिसेल. सव्वीस वर्षांचं दूध नासणार, आणि ते आपल्या हातून.

"पाहिलंत?" डॉक्टर पुटपुटले. त्यांचे डोळे चमकत होते. "पाहिलंत का? इतर यंत्रं गाणी पळवतात. म्हणून या माणसाने स्वतःच्या हाताने वेग अचूक करून ठेवला! आमच्यासाठी!"

"आणि एका शब्दाने बोलला नाही," मास्तरांनी नाक ओढलं. "याला म्हणतात साधना."

"साफबिफ काही करायचं नाही," बाई म्हणाल्या. "हात लावू नये म्हणजे नये."

मुलगी त्यांच्याकडे आळीपाळीने बघत राहिली. पालथ्या घड्यावर पाणी ही म्हण तिने छापील मजकुरात पुष्कळदा तपासली होती. घडा इतका पालथा तिने प्रत्यक्षात पाहिला नव्हता.

"मागे काही आहे का गं?"

तिने पुठ्ठा उलटला. मागे त्याच अक्षरात, जरा बारीक, एकच ओळ होती:

'मंडळींची बोटं पोचत नाहीत.'

खाली तारीख. मंडळ सुरू झालं त्याच्या दुसऱ्या आठवड्यातली.

तिने ती ओळ पुन्हा वाचली. काम म्हणून वाचते तशी, अक्षर अन् अक्षर. ना टिंब चुकलं होतं, ना वेलांटी. पहिल्या रविवारी हे तिघं जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर पडले असणार, हिरमुसून घरी गेले असणार. आणि बाबांनी त्यांना काही शिकवलं नाही की समजावलं नाही. दुकानात बसून एका बारक्या स्क्रूला पाव फेरा दिला आणि सबंध जोडीला यांच्या बोटांपर्यंत खाली आणलं. मग सव्वीस वर्षं दर रविवारी स्वतःच्या तारा उतरवल्या आणि दर रविवारी चढवल्या. आणि शेवटी तो खरा डावरा, हाडामासाचा, समोर येऊन बसला, तर यांनी उठून त्यालाच सूर लावायला सांगितलं.

बाबा यांना नव्हे, स्वतःलाच हसत होते तर. पाव फेऱ्याचं पीक कुठवर वाढलं, ते बघून.

"काय लिहिलंय?" मास्तरांनी मान लांब केली.

तिच्या बोटांना खाज सुटली. एक ओळ वाचायची, बस. 'कान गेले असतील' याची परतफेडही झाली असती, सव्याज.

"तारीख," ती म्हणाली, आणि पुठ्ठा पर्समध्ये टाकला.

आयुष्यात पहिल्यांदा तिने चूक पाहून सोडून दिली.

मग टेप्याच्या स्मरणार्थ तिसरं गाणं वाजवायचं ठरलं. मास्तरांनी गिटार उलटी धरली, डॉक्टरांनी डोळे मिटले, बाईंनी भेगेवरून मायेने हात फिरवला. गाणं सुरू झालं. ताप आलेल्या माणसाने उशाशी पाणी शोधावं तसं ते चाललं होतं, पण चाललं होतं. तिघं एकमेकांना सोडत नव्हते. शेवटी जिना आला. कठडा धरून, एकेका पायरीचा मान राखून, तीन म्हातारी माणसं उतरू लागली. चौथ्या पायरीवर मास्तरांचा हात गियरवर गेला. बाकीची दोघं पायरीवर थांबली, त्यांना बरोबर घेतलं आणि पुन्हा उतरू लागली.

तिने रुमाल काढून तोंडावर दाबला. खांदे आवरेनात. तिने वाकून कपाळ गुडघ्याला टेकवलं, आत ओठ चावला, दाढांच्या चित्राकडे बघितलं, काही उपयोग झाला नाही. डोळ्यांतून पाणी वाहू लागलं आणि मग त्यातलं किती कशाचं, ते तिलाही सांगता येईना.

पाठीवरून एक हात फिरला. डॉक्टरांचा. हातमोज्याशिवाय.

"मोकळी हो, बाळ," ते म्हणाले, आणि इतरांकडे वळून हळूच, "अगदी वडिलांवर गेलीय."

"हळवी," मास्तर म्हणाले.

जरा वेळाने तिने तोंड धुतलं आणि वडिलांची गिटार पिशवीत घातली.

"अगं, कपाटात जागा केलीय मी," डॉक्टर म्हणाले. "खाली नावाची पट्टीसुद्धा सांगितलीय. ठरलं होतं ना?"

"यंत्र ठेवा, काका. ते तुमचंच आहे. गिटार मी नेते."

"पण वाजवणार कोण?"

"बघू. आधी तीन तारांचं काम आहे."

"हां, त्या तीन राहिल्या उतरवायच्या," मास्तर म्हणाले. "घरी नीट उतरव हो. नाहीतर ज्या उतरवल्या त्या चढवशील चुकून!"

"चुकून नाही चढवणार," ती म्हणाली.

ती खाली निघाली. जिना अरुंद होता आणि पिशवी मोठी. वर पुन्हा गाणं सुरू झालं होतं, आणि त्यातून मास्तरांचा शिकवणीतला आवाज येत होता, "घाई नाही, घाई नाही, समोर बघा."